लॉर्ड हेन्री बेंटिंक : पत्त्यांच्या मूक भाषेचे जनक

ब्रिजच्या खेळात बचाव करणाऱ्या दोघा भिडूंना एकमेकांशी बोलण्याची मुभा नसते. जे सांगावयाचे ते टाकलेल्या पानांनीच सांगावे लागते. ह्या मूक भाषेचा पहिला शब्द ज्यांनी घडविला असे मानले जाते, त्या लॉर्ड हेन्री बेंटिंक ह्यांचा अल्प परिचय पत्त्यांच्या चाहत्या सभासदांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

लॉर्ड हेन्रींचा जन्म १८०४ सालचा. पोर्टलंडच्या चौथ्या ड्यूकचे ते चिरंजीव. सतीची चाल १८२९ मध्ये कायद्याने बंद करणारे लॉर्ड विल्यम बेंटिंक हे त्यांचे सख्खे चुलते; तेव्हा हे घराणे आपणांस सर्वस्वी अपरिचित नाही. थोरले बंधू लॉर्ड जॉर्ज हे घोड्यांच्या शर्यतीत आणि राजकारणात गाजले. हेन्री स्वतः १८४६ ते १८५७ पार्लमेंटचे सभासद होते. शिकारी कुत्र्यांची जोपासना हा त्यांचा मोठा छंद. परंतु त्यांचे नाव टिकले ते पत्त्यांमुळे.

त्या काळी ब्रिज नव्हता, व्हिस्ट होता. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. बोली नाही, डमी नाही. वाटताना उलटलेल्या अखेरच्या पानावरून हुकूम ठरे. १८३४ च्या सुमारास लंडनच्या ग्रॅहम क्लबात लॉर्ड हेन्रींनी एक युक्ती काढली. दुरी टाकून भागत असता प्रथम सत्ती टाकावयाची आणि त्या रंगाच्या पुढल्या फेरीस दुरी. अर्थ असा की, भिडूने संधी मिळताच हुकुमाची उतारी करावी. बंदर सोडण्यापूर्वी जहाजावर निळ्या रंगाचे, मध्ये पांढरा चौकोन असलेले निशाण चढवितात. त्यावरून ह्या खुणेस ‘ब्लू पीटर’ हे नाव पडले.

ह्याच क्लबात दोनेक वर्षांनी लॉर्ड डी रॉस ह्या उमरावावर पत्त्यांना खुणा केल्याचा आरोप झाला. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८३७ मध्ये तो ते हरले. खूण दोन्हीकडे होती, पण अंतर जमीन-अस्मानाचे. एक खूण एकट्याच्याच डोळ्यांसाठी होती. दुसरी चौघांसमोर टेबलावर पडत होती आणि प्रतिस्पर्ध्यांसही वाचता येत होती.

ह्या उघडेपणाची किंमत लॉर्ड हेन्रींनाच मोजावी लागली. जे ताडण्यास पूर्वी मुरलेला खेळाडू लागे, ते आता नवशिक्यासही कळू लागले. आपला वरचष्मा आपणच घालविला, ही हळहळ त्यांना उतारवयात वाटत असे, असे व्हिस्टच्या जाणकारांनी नमूद केले आहे. ३१ डिसेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले.

१९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट ह्यांनी काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती सिद्ध केली. खेळ बदलला, तरी आधी वरचे आणि मग खालचे पान टाकण्याची रीत उरली. मात्र तिचा अर्थ पालटला. भिडूच्या उतारीवर तसे केल्यास हाच रंग पुढे चालवावा, असे बहुधा सुचविले जाते. प्रतिस्पर्ध्याने काढलेल्या रंगात आपली पाने सम संख्येची आहेत, असेही त्यातून सांगतात. इंग्लंडात ह्या खेळीला अद्याप ‘पीटर’ म्हणतात. अशा ठरलेल्या खुणेचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांनी विचारल्यास त्यांना सांगावा लागतो; भिडूंचे गुप्त संकेत ब्रिजमध्ये निषिद्ध आहेत. भिडूस सांगावे, पण चौघांदेखत सांगावे, ही शिस्त आमच्या टेबलांवरही नांदो, इतकीच ह्या प्रसंगी इच्छा.