डॉ. रखमाबाई : न्यायालयातून रुग्णालयाकडे

मुंबईत १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाला. पण त्या माहेरीच राहिल्या. जाणत्या वयात त्यांनी संमतीवाचून झालेला हा विवाह नाकारला. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. नांदायला न गेल्यास सहा महिने कारावास, असा निकाल १८८७ साली लागला, तेव्हा रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. पुढील वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन त्या मुक्त झाल्या. या खटल्याने उठलेल्या वादळामुळे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला बळ मिळाले. संमतीचे वय दहावरून बारा झाले.

लंडनहून डॉक्टर होऊन परतलेल्या रखमाबाईंनी सुरत व राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णसेवेत आयुष्य वेचले. परपुरुषाने तपासू नये म्हणून स्त्रिया तेव्हा दुखणी अंगावर काढीत. दिल्लीत १९१६ साली स्त्रियांसाठी लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय उघडले, तोवर त्यांच्या सेवेला सुमारे वीस वर्षे झाली होती.

१९५५ साली त्या निवर्तल्या. देहावरील स्वतःचा अधिकार मान्य झाल्यावाचून स्त्रीला आरोग्य लाभत नाही, ही त्यांच्या जीवनाची शिकवण आहे.