समाजाचे शास्त्र शिकवणारा शिक्षक : एमिल डरखाईम

आमच्यापैकी अनेकांनी अकरावी-बारावीला किंवा पदवीच्या वर्गात समाजशास्त्र हा विषय घेतला होता. त्यांना एमिल डरखाईम हे नाव आठवत असेल ते बहुधा प्रश्नपत्रिकेतील टिपांमुळे : सामाजिक तथ्य, श्रमविभाजन, आत्महत्येचे प्रकार. परीक्षा संपली आणि नाव मागे पडले. त्या नावामागचा माणूस मात्र आमच्यापर्यंत फारसा पोहोचला नाही. धर्मगुरूच्या घरात जन्मलेले, प्रवेशपरीक्षेत दोनदा अपयशी ठरलेले, आयुष्यभर शिक्षक राहिलेले आणि अखेरीस एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूने खचलेले असे हे गृहस्थ होते. माणसाला माणसाशी काय बांधून ठेवते आणि तो बंध सुटला तर माणसाचे काय होते, हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही. घर सोडून वसतिगृहात आलेल्या आणि पुढे वसतिगृह सोडून शहरात एकटे पडलेल्या आम्हां सर्वांना हा प्रश्न अनोळखी नाही. म्हणूनच स्मरणिकेच्या या अंकात त्यांचे चरित्र सांगावे, असे आम्हांस वाटले.

डरखाईम यांचा जन्म १५ एप्रिल १८५८ रोजी फ्रान्सच्या पूर्वेकडील लोरेन प्रांतात, एपिनाल या गावी झाला. वडील मोईझ हे ज्यू धर्मगुरू, म्हणजे रब्बी होते. आजोबा आणि पणजोबाही रब्बीच होते. आई मेलानी भरतकामाच्या व्यवसायातून संसाराला हातभार लावीत. घरची स्थिती बेताची आणि शिस्त कडक होती. धाकट्या एमिलनेही घराण्याची गादी चालवावी अशी अपेक्षा होती. परंतु शाळकरी वयातच त्यांचे मन त्या वाटेवरून दूर झाले. ते बारा वर्षांचे असताना १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. एपिनाल शत्रूच्या ताब्यात गेले आणि पराभवाचा राग लोकांनी आपल्याच ज्यू शेजाऱ्यांवर काढला. समाज दुखावला गेला की आपल्यातीलच एखाद्या दुबळ्या समूहाच्या माथी दोष मारून मोकळा होतो, ही जाणीव त्यांना इतक्या लहान वयात झाली. पुढे त्यांनी ती लेखणीतून मांडलीही.

उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला आले. एकोल नॉर्माल स्युपेरिअर ही तेथील अत्यंत मानाची संस्था. तिच्या प्रवेशपरीक्षेत ते दोनदा अपयशी ठरले. वडील आजारी होते आणि घरी पैशाची चिंता होती. तिसऱ्या प्रयत्नात, १८७९ मध्ये, त्यांना प्रवेश मिळाला. पुढे समाजवादी नेते म्हणून गाजलेले जाँ जोरेस आणि तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ हे तेथे त्यांचे समकालीन होते. १८८२ मध्ये त्यांनी अध्यापकाची पात्रता परीक्षा दिली, तेव्हा यशस्वी उमेदवारांच्या यादीत त्यांचे नाव जवळजवळ तळाशी होते. पाल्याची गुणपत्रिका हाती धरून उदास होणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी, असे आम्हांस वाटते.

त्यानंतर पाच वर्षे त्यांनी लहान शहरांतील शाळांत तत्त्वज्ञान शिकवले. मधल्या काळात जर्मनीत जाऊन तेथील विद्यापीठांचा अभ्यास केला. १८८६ मध्ये त्यांचा जिवलग मित्र व्हिक्टर ओमे अकाली गेला. ती आत्महत्या असावी, असे अनेक चरित्रकार मानतात. १८८७ हे वर्ष मात्र नवी उभारी देणारे ठरले. त्या वर्षी लुईज ड्रेफ्यूस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि बोर्दो विद्यापीठात सामाजिक विज्ञान व अध्यापनशास्त्र शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. लुईज यांनी संसार सांभाळलाच, शिवाय पतीच्या हस्तलिखितांच्या प्रती करणे आणि मुद्रिते तपासणे ही कामेही केली. बोर्दोत डरखाईम यांचा बराचसा वेळ शाळाशिक्षकांना शिकवण्यात जाई. समाजशास्त्र हा शब्द ऑग्युस्त काँत यांनी सुमारे अर्ध्या शतकापूर्वीच रूढ केला होता. पण विद्यापीठात त्याला स्वतःची जागा नव्हती. ती जागा मिळवून देण्याचे काम या शिक्षकाने हाती घेतले.

१८९३ मध्ये श्रमविभाजनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जुन्या काळी एका वस्तीतील सगळी माणसे जवळपास सारखीच कामे करीत, सारखेच मानीत आणि सारखेच वागत. त्यांना एकत्र ठेवीत असे ते हे सारखेपण. या एकीला डरखाईम यांनी यांत्रिक ऐक्य असे नाव दिले. शहरे वाढली, व्यवसाय वाढले, माणसे एकमेकांहून वेगळी झाली. तरी समाज मोडला नाही, कारण शिंप्याला शेतकऱ्याची आणि शेतकऱ्याला डॉक्टरची गरज असते. शरीराचे निरनिराळे अवयव जसे परस्परांच्या आधाराने चालतात, तसे हे ऐक्य. त्याला त्यांनी सेंद्रिय ऐक्य म्हटले. परंतु त्यांनी एक इशाराही दिला होता. कोणते काम कोणी करायचे हे योग्यतेवर न ठरता बळजबरीने किंवा वारशाने ठरत असेल, तर अशा विभागणीतून ऐक्य निर्माण होत नाही. हे वाचताना आमच्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला आलेली कामे आमच्या डोळ्यांसमोर उभी राहतात. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे असे दाखवून दिले, तेही येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

दोनच वर्षांनी, १८९५ मध्ये, समाजशास्त्रीय पद्धतीच्या नियमांवरील पुस्तक आले आणि सामाजिक तथ्य ही संकल्पना पुढे आली. आपण जन्मण्यापूर्वी भाषा असते, चलन असते, लग्नाच्या रीती असतात, कायदा असतो. त्या आपण निर्माण केलेल्या नसतात. तरी त्या आपल्याला वळण लावतात आणि मोडू पाहिल्या की त्यांचा दाब जाणवतो. वसतिगृहातील पहिल्या आठवड्यात पहाटेची घंटा आणि जेवणाची रांग आमच्यावर बाहेरून लादल्यासारखी वाटली. वर्षभराने सुटीत घरी गेलो तेव्हा त्याच वेळेला आपोआप जाग आली. सामाजिक तथ्य बाहेर असते आणि आतही उतरते, ते असे. ते एका व्यक्तीच्या मनात शोधून सापडत नाही. म्हणून त्याचा अभ्यास एखाद्या वस्तूप्रमाणे, पूर्वग्रह बाजूला ठेवून करावा, असा डरखाईम यांचा आग्रह होता.

गाब्रिएल तार्द या विद्वानाला हे मान्य नव्हते. समाज म्हणजे व्यक्तींनी परस्परांचे केलेले अनुकरण, असे त्याचे मत होते आणि दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला. या वादाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, तरुण भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबंद विवाहाची रीत वरून खाली कशी पसरली हे सांगताना त्यांनी तार्दच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. त्याच निबंधात जात ही कोणा एका स्मृतिकाराने घडवलेली नाही, असेही त्यांनी दाखवले. एका व्यक्तीच्या इच्छेने समाजाची रचना ठरत नाही, हा विचार डरखाईम यांच्या मांडणीच्या अगदी जवळचा आहे.

१८९७ मध्ये आत्महत्येवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणसाचे सर्वांत खासगी वाटणारे दुःख त्यांनी समाजाच्या आरशात पाहिले. त्यासाठी त्यांचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६,००० नोंदी वर्गवार लावून दिल्या. त्यातून दिसले ते असे की, एखाद्या देशातील हे प्रमाण वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही. कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत आणि विवाहितांपेक्षा अविवाहितांत ते अधिक असते. राष्ट्रीय संकटात लोक जवळ येतात तेव्हा ते घटते. आर्थिक मंदीत वाढते, तसेच अचानक आलेल्या भरभराटीतही वाढते. समूहाशी नाते सैल झाले की आत्मकेंद्रित प्रकार संभवतो आणि समूहाने व्यक्तीला पुरते गिळले की परार्थवादी. जुने नियम गेले, नवे रुजले नाहीत, कशाची इच्छा धरावी आणि कोठे थांबावे हेच कळेनासे झाले, म्हणजे जी अवस्था येते तिला त्यांनी प्रमाणकशून्यता म्हटले. कमालीच्या दडपणातून येणाऱ्या दैववादी प्रकाराचा उल्लेख त्यांनी केवळ एका तळटीपेत केला.

हा ग्रंथ आम्हांला विशेष जवळचा वाटतो. खेड्यातून किंवा वस्तीतून आलेली मुले येथे घडतात आणि पुढे मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात जातात. तेथे घंटा नसते, रांग नसते, नावाने हाक मारणारे कोणी नसते. गावचे नियम मागे राहिलेले असतात आणि शहराचे नियम कळलेले नसतात. अशा वेळी मूल खचले तर आपण त्याला दुबळे म्हणतो. मूल एकटे पडले असेल तर त्याच्या भोवतीचे बंध कोठे तुटले हे आधी पाहावे, हे डरखाईम यांनी शंभर वर्षांपूर्वीच आकडेवारीने दाखवून दिले.

ते केवळ ग्रंथांत रमणारे नव्हते. आल्फ्रेड ड्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवून त्याला शिक्षा झाली, तेव्हा फ्रान्स दुभंगला. १८९८ मध्ये डरखाईम यांनी या प्रकरणावर जाहीर लेख लिहिला. समाजाचे महत्त्व सांगणारा हा माणूस त्या वेळी व्यक्तीच्या बाजूने उभा राहिला. आधुनिक समाजात माणसाची प्रतिष्ठा हीच सर्वांना बांधणारी श्रद्धा आहे. म्हणून निरपराध व्यक्तीवर अन्याय करणारा समाज स्वतःचाच पाया उखडतो, अशी त्यांची भूमिका होती.

१९०२ मध्ये ते पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात आले. तेथेही नेमणूक होती ती शिक्षणशास्त्राची. त्यांच्या अध्यासनाच्या नावात समाजशास्त्र हा शब्द यायला १९१३ साल उजाडले. शिक्षकांपुढे दिलेली नैतिक शिक्षणावरील त्यांची व्याख्याने मृत्यूनंतर, १९२५ मध्ये, ग्रंथरूपाने आली. शिस्तीची वृत्ती, समूहाविषयी आपुलकी आणि स्वतः समजून-उमजून नियम स्वीकारण्याची स्वायत्तता, हे नीतीचे तीन घटक त्यांनी सांगितले. मुलांना मारहाण करण्याला त्यांचा ठाम विरोध होता. जी शिक्षा मुलाच्या मनातील आत्मसन्मान मारते, ती नीती शिकवू शकत नाही, असे ते मानीत.

धर्मजीवनाच्या मूलभूत रूपांवरील त्यांचा अखेरचा मोठा ग्रंथ १९१२ मध्ये आला. धर्म म्हणजे काय, या प्रश्नाने त्याची सुरुवात होते. देवावरील श्रद्धा म्हणजे धर्म, ही प्रचलित व्याख्या नाकारताना त्यांनी पुढे ठेवलेला प्रमुख दाखला बौद्ध धम्माचा होता. येथे कोणा देवाची करुणा भाकायची नसते. दुःखातून सुटका माणसाने स्वतःच्या प्रयत्नाने साधायची असते. तरीही तो धर्म आहे, कारण चार आर्यसत्ये आणि त्यांवर आधारलेले आचरण येथे पवित्र मानले जाते. पवित्र आणि लौकिक हा भेद व त्याभोवती जमलेला नीतिबद्ध समुदाय, हाच धर्माचा गाभा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या समारंभांचा विचार करताना, एकत्र जमलेल्या माणसांत जे चैतन्य संचारते ते समाजाचेच सामर्थ्य होय, असे त्यांनी म्हटले. दीक्षाभूमीवरील अफाट जनसमुदायात जो एकदा उभा राहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्यांच्या मांडणीत उणिवा आहेत. आत्महत्येच्या सरकारी नोंदी कितपत विश्वसनीय, हा आक्षेप रास्त आहे. स्त्रियांविषयीची त्यांची काही मते आज मान्य होणार नाहीत. समाजातील सत्ता आणि संघर्ष यांपेक्षा त्यांचे लक्ष ऐक्याकडे अधिक होते. ज्यांना समाजाने गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना हे अपुरेपण चटकन जाणवते. तरीही समाजाकडे डोळसपणे पाहण्याची जी शिस्त त्यांनी घालून दिली, तिच्याच आधारे आज त्यांच्यावर टीका होते.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. त्यांनी घडवलेले अनेक तरुण अभ्यासक आघाडीवर गेले आणि परतले नाहीत. त्यांचा मुलगा आंद्रे भाषाशास्त्राचा होतकरू अभ्यासक होता. १९१५ च्या अखेरीस तो बाल्कन आघाडीवर मारला गेला. आधी तो बेपत्ता असल्याचे कळले. मृत्यूची खात्री पटायला पुढचा एप्रिल उजाडला. या घरात मुलगा हा शिष्यही होता. डरखाईम यांनी दुःख गिळून काम चालू ठेवले, पण त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. थोडे सावरताच त्यांनी नीतिशास्त्रावरील ग्रंथ लिहावयास घेतला. तो अपुराच राहिला. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या मागे कोणी ना कोणी उभे होते : मोलमजुरी करून बस-भाड्याचे पैसे देणारी आई, रात्री खोल्यांतून फेरी मारणारे गुरुजी, ताटातली भाकरी वाटून घेणारा सोबती. आमचे यश आम्हां एकट्यांचे नव्हते. मग मागून येणाऱ्यांचे अपयशही त्यांच्या एकट्यांचे कसे मानावे? यंदा दहावी-बारावी होऊन जी मुले-मुली शहरात जातील, त्यांची नावे आणि पत्ते शाळेकडून घ्यावेत आणि ज्याच्या शहरात जो विद्यार्थी येईल त्याने पहिल्या महिन्यातच त्याच्या खोलीवर जाऊन यावे, एवढी विनंती आम्ही माजी विद्यार्थ्यांस करतो. समाज बांधून ठेवण्याची रीत आयुष्यभर शोधणाऱ्या या शिक्षकाला आमचे हेच अभिवादन.