संख्यांची कंठमाला गुंफणारे महावीराचार्य

महावीराचार्य हे नाव कानी पडताच आपले हात भगवान महावीरांच्या स्मरणाने जोडले जातात. हे आचार्य मात्र भगवंतांच्या निर्वाणानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी होऊन गेले. नामसाम्यामुळे आपल्याच समाजात त्यांची ओळख झाकोळली, ही खंत मनात ठेवून हे चार शब्द लिहीत आहे.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या कारकिर्दीत, इ. स. ८५०च्या सुमारास, आचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्या काळी गणित बहुधा ज्योतिषग्रंथातील एखाद्या अध्यायापुरते येई; हा ग्रंथ मात्र केवळ गणिताला वाहिलेला. मंगलाचरणात भगवंतांना वंदन आहे, तेही संख्याज्ञानाच्या दीपाने विश्व उजळविणारे म्हणून. पुढे व्याज, भागीदारीतील वाटणी, सोन्याचा कस असे आम्हा व्यापाऱ्यांच्या नित्य परिचयाचे विषय येतात. वाणिज्य शाखेची पदवी घेईपर्यंत हे नाव माझ्या कानावर आले नव्हते, हे येथे कबूल करतो.

संख्यांची स्थाने त्यांनी चोवीस सांगितली. पहिले ‘एक’, शेवटचे ‘महाक्षोभ’, म्हणजे एकावर तेवीस शून्ये. परंतु मोठ्या संख्येचा केवळ विस्तार नव्हे, तिचे रूपही त्यांनी न्याहाळले. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि त्याच क्रमाने उतरणारी संख्या त्यांनी वर्णिली आहे: १२३४५६५४३२१, म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणिले असता ती मिळते. यातील पहिली संख्या ५२९१ चा वर्ग, दुसरी २१ चा. म्हणून गुणाकार हा १११११ नव्हे, तर १११११११ ही नव्हे, बरोबर सहा एकांच्या १११११ १ या संख्येचा पूर्ण वर्ग होतो. तिचे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७ एवढेच, प्रत्येक दोनदा. अशा दोन्ही बाजूंनी सारख्या गुणाकारांना आचार्यांनी कंठाभरणाची उपमा दिली. १४२८५७१४३ ला ७ ने गुणावे, तर दोन टोकांना एक-एक मणी आणि मध्ये आठ शून्ये: १००००००००१. दुकानात गिऱ्हाईक नसताना वहीच्या मागच्या पानावर मी हे गुणाकार हाताने करून पाहिले. उत्तर उतरत जाताना खरोखर माळ ओवल्यासारखे वाटते.

ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती स्वभावतः वर्गच नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र चुकीचे होते. आदरापोटी ते लपविण्याचे कारण नाही.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन यांनी हा ग्रंथ तेलुगूत आणला. १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी मद्रासहून तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि १९६३ मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद आपल्या सोलापुरातूनच, जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला.