शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे १९०३ – २४ एप्रिल १९९४) हे मराठी उद्योजक आणि यंत्र अभियंता होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे ते पुत्र. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीमुळे लहान डिझेल इंजिन महाराष्ट्रातील विहिरींवर पोहोचले. बैलांच्या मोटेची सवय असलेल्या शेतकऱ्याला या इंजिनाबरोबर एक नवे काम शिकावे लागले. योग्य तेल निवडणे आणि ते वेळेवर बदलणे हे ते काम होय. शंतनुरावांच्या चरित्रांत कारखाने, परदेशी करार आणि निर्यात यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण त्यांचे इंजिन ज्या वंगणावर चालले त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

बालपण आणि शिक्षण

शंतनुरावांचा जन्म सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवण्यापर्यंत मजल मारली होती. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाने आणि सापांनी भरलेला तो माळ साफ होत असताना शंतनुराव सात वर्षांचे होते. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे शेतकरी नांगराला हात लावत नसत आणि तयार नांगर बराच काळ विक्रीविना पडून राहिले होते. यंत्र तयार करण्याइतकेच ते पटवून देणेही अवघड असते, हा अनुभव शंतनुरावांच्या घरात अशा रीतीने त्यांच्या लहानपणापासूनच होता.

उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून १९२६ साली त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. या संस्थेचे पदवीधर झालेल्या सुरुवातीच्या भारतीयांत त्यांची गणना होते. परतल्यावर ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. नांगर, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप हा त्या काळचा माल होता. पंप तयार होत, परंतु ते फिरवण्यासाठी लागणारे इंजिन बहुधा विलायतेहून येई.

खडकीचा कारखाना

भारतात डिझेल इंजिन बनवण्याचा पहिला मान शंतनुरावांना देता येत नाही. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकातच इंजिने तयार होऊ लागली होती. शंतनुरावांचे कार्य वेगळे होते. लहान, हलके आणि जलदगती इंजिन मोठ्या संख्येने व एकसारख्या प्रतीचे बनवणे, हे त्यांनी साधले. त्यासाठी इंग्लंडमधील ब्रिटिश ऑइल इंजिन्स या समूहाशी तांत्रिक सहकार्य करण्यात आले आणि त्या समूहातील पेटर इंजिनाचा आराखडा घेण्यात आला. एव्ही-१ या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन एका सिलिंडरचे, ८० मिलिमीटर व्यासाचे आणि ११० मिलिमीटर धावेचे होते. त्याची घनक्षमता ५५३ घनसेंटिमीटर होती. मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या गतीने ते ५ अश्वशक्ती देत असे.

त्या वेळच्या बाजारात संथगती, अवजड आणि मोठ्या चाकाच्या इंजिनांना मान होता. जे जड ते टिकाऊ, अशी समजूत होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. संथ इंजिनात तेल थोडे कमी-जास्त दाट असले, वेळेवर बदलले नाही, तरी ते बरेच सोसत असे. जलदगती इंजिनात पिस्टन दर मिनिटाला कितीतरी अधिक वेळा वर-खाली होतो, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि तेलाचा थरही अधिक तापतो. वजन कमी करून मिळवलेला फायदा टिकवायचा असेल तर वंगणाची शिस्त पाळणे भाग होते.

इंजिन आणि त्याचे तेल

इंग्लंड आणि युरोपातील प्रयोगशाळांत वंगण तेलांची प्रत ठरवण्यासाठी जी प्रमाण इंजिने वापरली जात, त्यांत पेटर एव्ही-१ हे एक होते. ठरावीक भारावर १,५०० फेऱ्यांच्या गतीने १२० तास इंजिन चालवायचे आणि मग ते उघडून पिस्टनवर किती काजळी जमली, कड्या खाचेत अडकल्या की मोकळ्या राहिल्या, हे पाहायचे, अशी ती चाचणी असे. तेलाच्या परीक्षेसाठी तज्ज्ञांनी निवडलेल्या इंजिनाचा भाऊबंदच महाराष्ट्रातल्या विहिरीच्या काठावर रोज तीच परीक्षा घेत होता. फरक इतकाच, की तेथे निकाल शेतकऱ्याच्या पदरी पडे.

तेलाच्या निवडीत दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे श्यानता, अर्थात तेलाचा दाटपणा. एसएई ३०, एसएई ४० हे डब्यावरील आकडे दाटपणा सांगतात. ते तेलाची प्रत सांगत नाहीत. आकडा मोठा तितके तेल चांगले, हा गैरसमज आजही आढळतो. अति दाट तेल थंड सकाळी अरुंद वाटांतून उशिरा पोहोचते आणि हँडल मारणाऱ्याचा दम काढते. अति पातळ तेल उन्हाळ्यात तापले की पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर ठेवू शकत नाही. म्हणून एकश्रेणी तेलांच्या काळात साधारण हवेत एसएई ३० आणि कडक उन्हाळ्यात एसएई ४० असा पाठ असे. १५डब्ल्यू-४०सारखी बहुश्रेणी तेले सर्रास मिळू लागल्यावर ऋतूनुसार तेल बदलण्याची गरज बरीच कमी झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे तेलातील पूरक द्रव्ये. डिझेल जळताना काजळी होते. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण आजच्या कितीतरी पट असल्याने आम्लही तयार होई. काजळी तरंगत ठेवणारी आणि आम्ल मारणारी द्रव्ये नसलेले साधे तेल अशा इंजिनात घातले, तर पिस्टनच्या कड्या चिकटतात, दाब कमी होतो, धूर वाढतो आणि इंजिन हँडलला दाद देत नाही. चांगले तेल काही तासांतच काळे पडते. पुष्कळांना ते खराब झाल्याची खूण वाटे, प्रत्यक्षात मात्र तेल आपले काम करत असल्याची ती खूण होती. नव्या इंजिनातले पहिले तेल लवकर बदलायचे, कारण त्यात घासलेल्या धातूचा कीस असतो. पुढेही इंजिन चालून गरम असतानाच तेल काढायचे, म्हणजे तरंगणारी घाण त्याच्याबरोबर निघून जाते.

अहमदनगर जिल्ह्यातील विहिरी

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा पर्जन्यछायेत येतो. अकोल्याचा डोंगराळ पश्चिम भाग सोडला तर पाऊस बेताचाच असतो. प्रवरा आणि मुळेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला, परंतु पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी यांसारख्या तालुक्यांत विहिरीवाचून गत्यंतर नव्हते. मोटेला दोन बैल, नाडा, चाक आणि हाकणारा माणूस लागे, आणि वंगण म्हणजे चाकाच्या कण्याला एरंडेलाचे बोट. इंजिन आल्यावर बैलांचे श्रम वाचले. पण त्याला डिझेल हवे, पाणी हवे आणि चेंबरमध्ये मापाचे, योग्य जातीचे ऑइल हवे.

विहिरीवरच्या इंजिनाची एक अडचण कारखान्याच्या चाचणीत दिसण्यासारखी नव्हती. पंप साधारण सात-आठ मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे पाणी खाली गेले की इंजिन विहिरीच्या आत काढलेल्या कट्ट्यावर उतरवावे लागे. तेथे हवा कोंडलेली, धूर साचलेला आणि उष्णता काठावरच्यापेक्षा अधिक. डिपस्टिक पाहण्यासाठी पायऱ्या उतरून जावे लागे, म्हणून ती पाहण्याचा कंटाळा केला जाई. इंजिन तिरपे बसले असेल तर डिपस्टिकवरची खूणही फसवी ठरे. अशा इंजिनाचे बेअरिंग जळाले की दोष कंपनीच्या मालावर येई. वस्तुतः पुष्कळदा तो तेलाचा, तेल नसल्याचा किंवा दुकानातून सुट्या मापाने आणलेल्या, गाळून पुन्हा विकलेल्या तेलाचा असे. १९७२च्या दुष्काळात पाणी तळाला गेले तेव्हा हा प्रश्न तेलाच्याही पलीकडे गेला.

याच सुमारास, १९७२ साली, अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने लूना ही मोपेड बाजारात आणली. तिचे इंजिन दोन धावांचे होते. त्याला तेलाचे वेगळे चेंबर नसते, म्हणून पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागे. दारात लूना आणि विहिरीवर डिझेल इंजिन, अशा घरात दोन डबे असत आणि ते एकमेकांच्या जागी वापरले की नुकसान ठरलेले. मिसळण्याचे तेल जळून जाण्यासाठी बनवलेले असते, तर चेंबरचे तेल दीर्घकाळ टिकण्यासाठी. बागेतील हिरवळ कापण्याची यंत्रे, फवारणी पंप आणि छोटे टिलर यांनाही आज हाच भेद लागू पडतो. चार धावांच्या पेट्रोल यंत्राला बहुधा एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० चालते. दोन धावांच्या यंत्राला पेट्रोलमध्ये मिसळण्याचेच तेल लागते. या लहान यंत्रांपैकी अनेकांत तेलाची गाळणी नसते, त्यामुळे तेल बदलणे हाच घाण बाहेर काढण्याचा एकमेव मार्ग उरतो.

इंजिनाच्या बेअरिंगांचे उत्पादनही किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने पुढे अहमदनगर येथे केले. तेलाच्या थराखाली झिजणारा भाग ज्या जिल्ह्यातील विहिरींवर सर्वाधिक कसाला लागे, तेथेच तो घडू लागला, हा योगायोग म्हणावा लागेल.

उत्तरायुष्य

फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. त्याची पुन्हा उभारणी झाली. खडकीचा कारखाना तेव्हा नुकताच पायावर उभा राहत होता. पुढील काळात शंतनुरावांनी अमेरिकेतील कमिन्स कंपनीशी सहकार्य करून १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू केली. किर्लोस्कर इंजिने आग्नेय आशिया, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतील देशांत निर्यात होऊ लागली. परवाना पद्धतीचे आणि सरकारी नियंत्रणांचे ते उघड टीकाकार होते. ही टीका सर्वांना रुचली नाही, आणि संरक्षित बाजारपेठेचा लाभ त्यांच्या समूहालाही मिळाला, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. १९६५ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. १९६५-६६ या वर्षी ते भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्ष होते. ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आहे.

चंद्रकांत आणि श्रीकांत हे त्यांचे दोन्ही पुत्र त्यांच्या हयातीतच निवर्तले. त्यानंतर उद्योगाची धुरा नातवांकडे गेली. शंतनुरावांचे निधन २४ एप्रिल १९९४ रोजी झाले. जन्मशताब्दीनिमित्त २००३ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

वीज पोहोचल्यावर बहुतेक विहिरींवर विद्युत मोटारी बसल्या आणि इंजिने गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. भारनियमनाच्या वर्षांत त्यांतील काही पुन्हा बाहेर काढली गेली. एका सिलिंडरची किर्लोस्कर इंजिने अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही चालवली जातात. कंपनी आता ‘के-ऑइल’ या नावाने आपल्या इंजिनांसाठी तेलही विकते.