डॉ. वसंत रामजी खानोलकर : रोगाच्या मुळाशी जाणारा शिक्षक



३१ मे हा दिवस जगभर तंबाखूविरोधी दिन म्हणून पाळला जातो. या पानावर आपण बहुतेक वेळा एखाद्या संताचे चरित्र वाचतो. आज मात्र एका डॉक्टरांची ओळख करून घेऊ या. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते. परंतु सत्याचा उगम एकच आहे, आणि ते कोणी शोधून काढले यावरून त्याची किंमत कमी-जास्त होत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली श्रद्धा आणि बुद्धी या विषयावर साऱ्या ख्रिस्तसभेला पत्र लिहिले, त्याचा गाभाही हाच होता. ज्या सत्याने माणसांचे प्राण वाचतात ते सत्य तर आपण कृतज्ञतेनेच स्वीकारले पाहिजे.

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजेच पॅथॉलॉजी. रोगाने शरीरात नेमका काय बिघाड केला हे शोधणारे हे शास्त्र. रुग्णाच्या गाठीचा छोटा तुकडा काढायचा, त्याचे केसाहूनही पातळ काप करायचे, त्यांना रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न पेशी तपासायची, असे हे काम. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे नाव रुग्णाच्या घरात वर्षानुवर्षे निघते. गाठ साधी की कर्करोगाची हे ठरवणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा चेहराही बहुतेकांनी पाहिलेला नसतो. खानोलकरांनी आयुष्यासाठी हे पडद्यामागचे काम निवडले.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. जी. एस. कॉलेजची स्थापना १९२६ सालची. त्या काळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत प्राध्यापकाची खुर्ची हिंदी डॉक्टरांना सहसा मिळत नसे. म्हणून या कॉलेजसाठी देणगी देणाऱ्यांनी अटच घातली की इथले शिक्षक हिंदी असावेत. आपले लोक शिकवू शकतात आणि संशोधनही करू शकतात हे तिथल्या शिक्षकांना कामातून दाखवून द्यायचे होते. खानोलकरांनी ते दाखवून दिले. आज त्यांना भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हटले जाते.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. या दुःखातून त्या रुग्णालयाची कल्पना पुढे आली. तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन यांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. तेव्हा कर्करोग हा मुख्यतः पाश्चात्त्य देशांचा आजार आहे, आपल्याकडे तो विरळाच, असा समज सुशिक्षितांतही होता. रुग्णालयाचे दरवाजे उघडले आणि रुग्णांची रीघ लागली. या समजाचे उत्तर त्या रांगेनेच दिले.

खानोलकरांना त्या रांगेत आणखी एक गोष्ट दिसली. युरोप-अमेरिकेत ज्या अवयवांचा कर्करोग अधिक आढळे, त्यांपेक्षा इथले चित्र निराळे होते. इथे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार. शिवाय एकाच मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांतही फरक होता. पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक, तर इतर समाजांत तोंडाचा, घशाचा किंवा गर्भाशयाच्या मुखाचा अधिक. हवा एक, पाणी एक, शहर एक. मग असे का?

इथे एक सोपे उत्तर हाताशी होते. ज्याची त्याची जात, ज्याचे त्याचे रक्त, ज्याचे त्याचे नशीब! असे म्हटले की पुढे काही शोधायचे उरत नाही. खानोलकर तिथे थांबले नाहीत. हा माणूस कोण, एवढे विचारून त्यांचे समाधान झाले नाही. हा रोज काय करतो, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, कसा कपडा नेसतो, हे प्रश्न त्यांनी महत्त्वाचे मानले. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील एका संशोधन-नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी रूढी आणि कर्करोग यांच्या नात्याची तीन उदाहरणे मांडली.

पहिले उदाहरण धोतराचे. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतराने कातडी घासली जाते, काळी पडते, चरते, आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. (पुढे डॉक्टरांनी परकराच्या घट्ट नाडीखालीही असाच कर्करोग नोंदवला.) दुसरे उदाहरण आंध्रच्या किनारपट्टीवरचे. तिथे चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत होती, विशेषतः बायकांमध्ये, आणि कर्करोग व्हायचा तो टाळूला. देहूरोडला दक्षिणेतून आलेली घरे कमी नाहीत. त्यांतल्या वडीलधाऱ्यांना ही रीत आठवत असेल. तिसरे उदाहरण खैनीचे. तळहातावर चुना-तंबाखू मळायची आणि खालच्या ओठामागे दाबून ठेवायची. जिथे गोळी, तिथेच रोग!

ही तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली की अर्थ उघड होतो. रोगाची जागा सवयीच्या जागेमागोमाग जाते. १९५५ साली डॉ. एल. डी. संघवी आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. त्यात कर्करोगाचे रुग्ण आणि इतर माणसे यांच्या सवयींची तुलना होती. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा कर्करोग अधिक आणि ओढणाऱ्यांत घशाकडच्या भागाचा अधिक, असे त्यातून दिसले. त्याच सुमारास, १९५० साली, इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. तंबाखूच्या विरोधात जो पुरावा जगात गोळा होत होता, त्यात आपल्या परळच्या प्रयोगशाळेचा वाटा असा मोठा आहे.

प्रत्येक कर्करोग सवयीमुळेच होतो असे मात्र कोणी समजू नये. काही कर्करोगांत आनुवंशिकतेचा भाग असतो, आणि अनेकांचे कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण जिथे कारण आपल्या हातातले आहे, तिथे नशिबाला बोल लावण्यात काय अर्थ?

त्यांच्या अभ्यासाचा दुसरा मोठा विषय होता कुष्ठरोग. आपल्याला हा विषय बायबलमुळे परिचित आहे. जुन्या करारात कातडीवरचा चट्टा पाहून माणूस शुद्ध की अशुद्ध हे याजक ठरवीत असे. प्रभू येशूने मात्र कुष्ठरोग्याला हात लावला. १८७३ साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू दाखवला, तरी समाजाची भीती गेली नाही. खानोलकरांनी या रोगाच्या अगदी आरंभीच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासल्या. बाहेर ठळक लक्षणे दिसण्याआधी हा जंतू मज्जातंतूंच्या आश्रयाने शरीरात मुकाट्याने असतो, हे त्यांच्या अभ्यासाने पुढे आणले. त्यांच्या संस्थेत १९५८ साली रुग्णांच्या गाठींतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यात आला. तो खुद्द कुष्ठरोगाचाच जंतू आहे हे पुष्कळ शास्त्रज्ञांनी मान्य केले नाही. तरी त्याच्यापासून बनवलेल्या लशीची पुढे दक्षिण भारतात चाचणी झाली. विज्ञानाचे काम असेच चालते. एक जण मांडतो, दुसरे तपासतात, आणि त्यातून सत्य थोडे पुढे सरकते.

१९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. खानोलकर त्याचे संस्थापक-संचालक. तिथे त्यांनी माणसे घडवली. त्यांतले एक नाव आपल्या पुण्याचे आहे. डॉ. कमल रणदिवे १९१७ साली पुण्यात जन्मल्या. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक होते. कमलताईंनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. केली, अमेरिकेत जाऊन आणखी शिक्षण घेतले आणि परत येऊन सरांच्याच संस्थेत ऊती-संवर्धनाची, म्हणजे जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. हा मान त्यांच्या गुरूंनाही पूर्वी मिळाला होता. ज्या काळात मुलीने पदवी घेणे हेच मोठे समजत, त्या काळात एका प्राध्यापकाने विद्यार्थिनीला संशोधनाची वाट मोकळी करून दिली, याची आपल्या धर्मग्रामातील आई-वडिलांनी नोंद घ्यावी.

१९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांची संशोधन संस्था आणि रुग्णालय १९६६ साली एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे वळू. शिष्यांनी एका जन्मांध माणसाला पाहून येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आई-बापाचे? प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि त्या माणसाला दृष्टी दिली. कारण शोधणे वेगळे आणि दोषी शोधणे वेगळे. तत्त्वज्ञान शिकताना हा फरक आम्हाला पुस्तकात भेटतो, तुम्हाला तो घरात भेटतो. तोंडाचा कर्करोग झालेल्या माणसाला नातेवाईक म्हणतात की तूच ओढवून घेतलेस. तो शरमेने तोंड झाकतो, दुखणे लपवतो आणि डॉक्टरकडे उशिरा पोचतो. खानोलकरांनी कारण शोधले ते पुढचा माणूस वाचावा म्हणून. खाटेवरच्या माणसाला टोचून बोलायला त्या ज्ञानाचा उपयोग करणे म्हणजे त्याचा अपमान आहे.

सवयीलाही कारणे असतातच की! रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून चिमूट घेतली जाते. भूक मारायला घेतली जाते. जिथे आगपेटी नेता येत नाही अशा कारखान्यांत आणि डेपोंत विडी चालत नाही, पण खिशातली पुडी आत जाते. दात दुखतो म्हणून आजी नातीच्या बोटावर मशेरी ठेवते. ही माणसे वाईट नाहीत. पण चिमूट ती चिमूटच, आणि ओठामागची कातडी कोणाची अडचण विचारत नाही.

१९४४ पासून हे माहीत आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पुड्यांवर चित्रे आली. तरीही मिस्सा संपल्यावर गेटबाहेर पडताच काही हात खिशाकडे जातात. ज्ञान पुष्कळ झाले. आता उरली आहे ती सोबत.

म्हणून प्रत्येक कुटुंबाला माझी विनंती आहे. घरात तंबाखू, मशेरी, सुपारी घेणारे कोणी असेल तर त्याचे तोंड उजेडात नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांतले काही दिसले तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा. लवकर सापडलेला हा रोग पुष्कळदा बरा होतो. सोडू पाहणाऱ्याला हसू नका. तो चार वेळा सोडेल आणि पाचव्यांदा पुन्हा घेईल, तरी त्याच्याबरोबर राहा. पुडीवर मदतीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, तो त्याला लावून द्या. लाज वाटत असेल तर माझ्याकडे या. ते बोलणे आपल्या दोघांतच राहील.

आणि संध्याकाळच्या रोझरीत एक आठवण ठेवा. प्रयोगशाळेत वाकून बसलेल्या, ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत अशा डॉक्टरांसाठी आणि वैद्यकीय शिक्षकांसाठी एक मरियेची प्रार्थना म्हणा. वैद्य असलेला संत लूक त्यांच्या पाठीशी राहो.

आपला ख्रिस्तात,
धर्मगुरू