ज्याने हिटलरला पैसे पुरवले

युद्ध आणि कारखाना यांचे नाते खडकीकरांना सांगावे लागत नाही. दारूगोळ्याचा कारखाना इथे १८६९ पासून आहे आणि इथल्याच वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी ओळीने आहेत. जुन्या मुंबई रस्त्याने पुढे पिंपरीकडे गेले की एका कारखान्याच्या पाटीवर थिसेन हे जर्मन नाव कित्येक वर्षे दिसत असे. त्या कारखान्याचा पुढच्या हकिकतीशी संबंध नाही. आडनाव मात्र तेच.

फ्रिट्झ थिसेनचा जन्म १८७३ चा, जर्मनीतल्या रूर खोऱ्यातला. वडील ऑगस्ट पोलादसम्राट. १९२३ मध्ये फ्रेंच फौजांनी रूरचा ताबा घेऊन कोळसा मागितला, तेव्हा फ्रिट्झने साफ नकार दिला. लष्करी न्यायालयाने दंड केला आणि तो देशभर गाजला. त्याच वर्षापासून हिटलरच्या गोटाकडे त्याचा ओढा सुरू झाला.

त्याला हवे तरी काय होते? देशाभिमान होताच, पण हिशेबही होता. संप, कामगार संघटना, आठ तासांचा दिवस आणि निवडणुकीत वाढत चाललेले कम्युनिस्ट, या साऱ्यांवर त्याला एकच इलाज दिसत होता. मंदीत बेकारांचा आकडा साठ लाखांवर गेला. जानेवारी १९३२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या उद्योगपतींच्या क्लबात हिटलरचे भाषण झाले, त्यामागे थिसेन होता. त्याच वर्षी हिटलरला चॅन्सेलर करा, या अर्जावरही त्याची सही होती. सगळेच कारखानदार त्याच्यासारखे नव्हते, हेही सांगायला हवे. सत्ता येईपर्यंत पुष्कळांनी हात आखडताच ठेवला आणि पक्षाचा बराचसा खर्च सभासदांच्या वर्गणीतून चालला.

२ मे १९३३ रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या गेल्या, पुढारी तुरुंगात गेले. संप बंद, मजुरी गोठलेली, पाठोपाठ शस्त्रांच्या मागण्या. कारखानदारांना आणखी काय पाहिजे होते? थिसेनला राइशस्टागची जागा मिळाली. पण आपण नोकर ठेवला नसून धनी आणला आहे, हे त्याला हळूहळू कळू लागले. तो कॅथलिक, चर्चवरचे घाव त्याला झोंबले. १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले तेव्हा त्याने सरकारी पद सोडले. १ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धाला विरोध कळवून तो सहकुटुंब स्वित्झर्लंडला निघून गेला. सरकारने त्याची मालमत्ता जप्त केली, नागरिकत्व काढले. पुढे फ्रान्समध्ये पकडून त्याला जर्मनीत आणले आणि ज्या छळछावण्या त्याच्याच लाडक्या राजवटीने उभारल्या, त्यांतच त्याला दिवस काढावे लागले.

राजवटीला कारखाने हवे होते, कारखानदाराचे मत नको होते. ज्यांनी मत गिळले ते टिकले. क्रुपच्या कारखान्यांत तर कैद्यांना आणि परदेशांतून पकडून आणलेल्या मजुरांना राबवले गेले.

युद्धानंतर १९४८ मध्ये जर्मन न्यायमंडळाने थिसेनला थोडा दोषी ठरवून मालमत्तेचा पंधरा टक्के भाग कापला. फेब्रुवारी १९५१ मध्ये तो अर्जेंटिनात वारला. आल्फ्रीड क्रुप याच महिन्यात तुरुंगातून सुटला. त्याची मालमत्ताही त्याला परत मिळाली.