रिचर्ड ॲलन : अपमानाच्या मंदिरातून उठून गेलेला माणूस

१४ फेब्रुवारी १७६० रोजी अमेरिकेत एका गुलाम कुटुंबात रिचर्डचा जन्म झाला. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू या नामांकित वकिलाच्या मालमत्तेत एका जिवाची भर पडली, एवढाच त्या जन्माचा अर्थ! रिचर्ड लहान असतानाच च्यूने हे सारे कुटुंब डेलावेअरमधील स्टर्गिस नावाच्या शेतकऱ्याला विकले. पुढे स्टर्गिस कर्जात बुडाला आणि त्याने रिचर्डची आई व काही भावंडे विकून टाकली. मायलेकरांची अशी ताटातूट करणारा हा मालक स्वभावाने दयाळू समजला जाई. गुलामगिरीत दयाळूपणाची किंमत किती असते, हे यावरून ध्यानात येईल.

सतराव्या वर्षी रिचर्डने मेथडिस्ट पंथ स्वीकारला. धर्मामुळे गुलाम कामचुकार होतात, असे कोणी म्हणू नये म्हणून तो व त्याचा भाऊ दुप्पट राबू लागले. गुलामगिरी हे पाप आहे, असे एका उपदेशकाने स्टर्गिसलाही पटवून दिले. तरीही स्वातंत्र्य फुकट मिळाले नाही. दोन हजार डॉलर भरून स्वतःलाच विकत घ्यावे, असा करार १७८० मध्ये झाला. रिचर्डने लाकडे फोडली, वीटभट्टीवर काम केले, गाडीवर मीठ वाहिले आणि १७८३ पर्यंत सारी रक्कम फेडली. ॲलन हे आडनाव त्यांनी स्वतः घेतले.

१७८६ मध्ये ते फिलाडेल्फियास आले. सेंट जॉर्ज चर्चमध्ये काळ्या लोकांसाठी त्यांना पहाटे पाचची वेळ मिळाली. तरी श्रोते वाढतच गेले. १२ एप्रिल १७८७ रोजी ॲलन व ॲब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. प्रत्येक सभासदाने महिन्याला एक शिलिंग द्यावयाचा. आणि वर्षभर वर्गणी भरल्यावर अडचणीत सापडलेल्यास आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावयाचे. विधवांना आधार आणि पोरक्या मुलांच्या शिक्षणाची सोयही तीत होती. कष्टकऱ्यांच्या पैशाने कष्टकऱ्यांचेच रक्षण, हे तिचे सूत्र होते.

सेंट जॉर्ज चर्चचा सज्जा बांधण्यास काळ्या सभासदांनी पैसा दिला होता, श्रमही केले होते. पण एका रविवारी ते गुडघे टेकून प्रार्थना करीत असता चर्चच्या कारभाऱ्यांनी जोन्स यांना ओढून उठविण्याचा प्रयत्न केला. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढीच त्यांची विनंती होती. तीही मानली गेली नाही. प्रार्थना संपताच सारे काळे लोक एकजुटीने बाहेर पडले. ही घटना परंपरेने १७८७ सालची मानतात. काही इतिहासकार ती १७९२ च्या सुमाराची धरतात.

१७९३ मध्ये शहरात पिवळ्या तापाची साथ आली. सुमारे पाच हजार माणसे दगावली. काळ्यांना हा ताप होत नाही, अशी डॉक्टरांची चुकीची समजूत होती. ॲलन व जोन्स यांच्या हाकेसरशी काळ्या स्त्री-पुरुषांनी रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली; त्यांतील कित्येक मेले, ॲलनही आजारी पडले. साथ ओसरल्यावर मात्र एका प्रकाशकाने त्यांच्यावर लुटीचा आरोप केला. १७९४ मध्ये दोघांनी पुस्तिका काढून जमाखर्चच मांडला. मिळालेल्या पैशापेक्षा खर्च जास्त झाला होता!

त्याच वर्षी ॲलन यांनी एक जुने लोहारकामाचे घर घोड्यांकरवी ओढत आपल्या जागेवर आणले आणि बेथेल चर्च उभे केले. पण कागदपत्रे अशी करून घेण्यात आली की इमारतीवरचा हक्क गोऱ्या मेथडिस्टांच्या संस्थेकडे गेला. ही फसवणूक निस्तरण्यास वीस वर्षे लागली. १८१५ मध्ये लिलावात आपलेच चर्च दहा हजारांहून अधिक डॉलर देऊन ॲलन यांना सोडवून घ्यावे लागले. १८१६ मध्ये न्यायालयाचा निकाल बेथेलच्या बाजूने लागला आणि त्याच एप्रिलमध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च ही स्वतंत्र संस्था जन्मास आली. ॲलन तिचे पहिले बिशप झाले. जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर प्रार्थनाही दुसऱ्याच्या हुकमतीत राहते, हा धडा त्यांनी मोठी किंमत देऊन घेतला होता.

ॲलन चिमण्या साफ करण्याचा व जोडे बनविण्याचा धंदा करीत. त्यांच्या पत्नी सारा यांनी पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. जरीना ली या स्त्रीला उपदेशाची परवानगी ॲलन यांनी आधी नाकारली. पण १८१९ मध्ये तिचे सामर्थ्य पाहून मत बदलले आणि ती दिली. १८१७ मध्ये काळ्यांना आफ्रिकेत धाडण्याच्या योजनेविरुद्ध बेथेलमध्ये प्रचंड सभा झाली. घाम गाळून हा देश आम्ही घडविला, तो सोडून का जावे, असा त्या लोकांचा रास्त सवाल होता. २६ मार्च १८३१ रोजी ॲलन निवर्तले.

ॲलन यांनी ख्रिस्ती धर्म सोडला नाही. त्या धर्माच्या नावाने चालणारा अपमान सोडला. त्यांच्याच चर्चमध्ये वाढलेल्या जेम्स कोन यांनी १९६९ पासून काळ्यांचे मुक्ती-धर्मशास्त्र मांडले. ईश्वर दडपलेल्यांच्या बाजूचा नसेल तर असा धर्म काय कामाचा, हा त्याचा गाभा. ॲलन यांनी शास्त्र लिहिले नाही. अपमानाच्या जागेवरून उठावे, एक-एक शिलिंग जमवावा, स्वतःचे घर बांधावे आणि त्याचे कागद आपल्या नावावर ठेवावेत, हे त्यांनी करून दाखविले. ज्या घरांनी स्वाभिमानासाठी जुने देव्हारे रिकामे केले, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.